बचत, दान आणि मोबाईल : इयत्ता पाचवी ते सातवीसाठी एक पाठ

प्रास्ताविक

दिवाळी सरली की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील साखर कारखान्यांची धुराडी धूर ओकू लागतात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर या परिसरांत उसाच्या फडांलगत कोप्या उभ्या राहतात. बीड-अहिल्यानगरकडील कोरडवाहू मुलखातून आलेल्या तोडणी-कामगारांची मुले हंगामापुरती जवळच्या शाळेत येऊन बसतात. त्यांच्यापाशी शिक्षण हमी पत्रक असते. वही असतेच असे नाही. त्याच बाकावर बागायतदाराचा मुलगा असतो, शेतमजुराची मुलगी असते. तिघांच्याही घरी आज मोबाईल आहे. या तीन मुलांना एकाच पाठात काय शिकविता येईल, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

मोबाईलविषयी शाळेत बहुधा एकच वाक्य ऐकू येते : ‘मोबाईलला हात लावू नका.’ हे वाक्य पुरेसे नाही. ज्या वस्तूच्या द्वारे घरातील पैसा येतो आणि जातो, तिचा विवेकाने उपयोग कसा करावा हे मुलांनी शाळेत शिकले नाही, तर ते कोठे शिकणार? वाचलेला पैसा कोणता, उडालेला कोणता आणि दिलेला कोणता, हा भेद मुलांच्या मनात स्पष्ट व्हावा, एवढाच या पाठाचा हेतू आहे.

शिक्षकांसाठी पूर्वपीठिका

थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपल्या पुणे जिल्ह्यात एकदा काचेच्या रूपाने साकार झाली आहे. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारण्याची कल्पना मांडली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना सुरू झाला. एका पैशाला बाजारात जी किंमत होती, तिच्या कितीतरी पट किंमत त्याला एकत्र आल्यामुळे प्राप्त झाली.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. घरोघरच्या माउलींनी दळणकांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढावे आणि त्यावर वसतिगृहातील गरीब मुलांचे जेवण चालावे, असा मुष्टिफंडाचा मार्ग त्यांनी अवलंबिला. पुढे विनोबाजींनी सर्वोदयपात्राची कल्पना मांडताना त्या पात्रात मूठ घालण्याचे काम घरातील लहान मुलाने करावे, असे सुचविले. मूठ लहान असली तरी सवय मोठी असते, हे त्यामागील शिक्षणशास्त्र.

या तिन्ही उपक्रमांत तीन गोष्टी समान होत्या : रक्कम लहान, देण्यात सातत्य, आणि हिशेब चोख. आज मूठ आणि पैसा यांच्या जागी मोबाईल आला असला, तरी या तीन गोष्टींवाचून त्याचा काही उपयोग नाही. यंत्र वेग देते. सचोटी ज्याची त्याला आणावी लागते.

पाठाचा पहिला भाग : बचत

शिक्षकांनी प्रारंभी एक साधे उदाहरण फळ्यावर मांडावे. समजा, एका शेतकऱ्यास सातबाऱ्याचा उतारा हवा आहे. तो तालुक्याच्या गावी गेला, तर जाण्यायेण्याचे भाडे ८० रुपये आणि बुडालेली मजुरी ४०० रुपये, असे ४८० रुपये खर्ची पडतात. शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपये शुल्कात घरबसल्या मिळतो. किती रुपये वाचले? मुले लगेच उत्तर देतील : ४६५.

येथे शिक्षकांनी थांबावे आणि दुसरा प्रश्न विचारावा : ‘ते ४६५ रुपये आता कोठे आहेत?’ वर्गात शांतता पसरेल. या शांततेतच पाठाचे मर्म आहे. जो पैसा खर्च झाला नाही पण बाजूलाही ठेवला गेला नाही, तो सायंकाळपर्यंत दुसऱ्या वाटेने निघून जातो. त्याला काटकसर म्हणता येईल. बचत म्हणता येणार नाही. वाचलेली रक्कम त्याच दिवशी पोस्टाच्या अथवा बँकेच्या खात्यात गेली, तरच ती बचत. पोस्टातील आवर्ती ठेव दरमहा १०० रुपयांपासून पाच वर्षांसाठी उघडता येते. दहा वर्षांच्या आतील मुलीच्या नावे २०१५ पासून सुरू असलेल्या सुकन्या समृद्धी योजनेत वर्षाकाठी किमान २५० रुपये भरून खाते चालू ठेवता येते. पालकसभेत ही माहिती अवश्य द्यावी.

शाळेच्या कामातही अशी बचत साधते. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहावयास मिळतात. ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक तेथे वाचता येतात. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या व्यासपीठावर पाठांना जोडलेले साहित्य आहे. हंगामात मध्येच दाखल झालेल्या मुलाला पुस्तक मिळेपर्यंत शिक्षकांच्या मोबाईलवरील पुस्तक दाखवून त्याचा पाठ चालू ठेवता येतो.

परंतु याच यंत्राला दुसरी बाजूही आहे, ती मुलांपासून लपवू नये. त्यांच्याकडूनच फळ्यावर दोन रकाने भरून घ्यावेत : ‘मोबाईलने वाचविले’ आणि ‘मोबाईलने नेले’. दुसऱ्या रकान्यात रिचार्ज येईल, गरज नसता मागविलेली वस्तू येईल, झटपट कर्जाचे व्याज येईल. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली केंद्रीय कायद्याने बंदी घालण्यात आली. त्यापूर्वी कित्येक घरांना त्या खेळांचा चटका बसला होता. ज्या घरात दुसरा रकाना पहिल्याहून मोठा आहे, त्या घरास मोबाईलने गरीबच केले आहे, हे मुलांनी आपल्या हाताने बेरीज करून पाहावे. शिक्षकांनी मात्र कोणाच्याही घरचे आकडे वर्गात मोठ्याने वाचू नयेत.

पाठाचा दुसरा भाग : दान

आता पुढील उदाहरण द्यावे. समजा, वर्गात २४ मुले आहेत आणि प्रत्येक घर आठवड्याला १० रुपये बाजूला ठेवते. ४० आठवड्यांत एका घरी ४०० रुपये साठतील. २४ घरांत मिळून ९,६०० रुपये. त्यातील दहावा हिस्सा स्वेच्छेने दिला तर ९६० रुपये होतात. ३० रुपयांना एक वही धरली तर ३२ वह्या आल्या. कोपीवरून येणाऱ्या मुलांचा वहीचा प्रश्न त्या हंगामापुरता सुटला. आणि देणाऱ्याच्या घरी ३६० रुपये शिल्लक राहिलेच. दानासाठी श्रीमंत व्हावे लागत नाही, हे येथे उपदेशाने सांगण्याची गरज उरत नाही. गणितच ते सांगते.

मोबाईलने देणगी देणे २०१६ पासून, म्हणजे यूपीआय पद्धती सुरू झाल्यापासून, फार सोपे झाले आहे. साध्या बटणांच्या फोनवरूनही इंटरनेटवाचून पैसे पाठविण्याची सोय मार्च २०२२ मध्ये झाली. पण जे सोपे झाले ते निर्धोक झाले असे नव्हे. म्हणून पुढील नियम मोठ्या अक्षरांत लिहून वर्गात लावावेत.

१. पैसे मिळण्यासाठी पिन कधीही द्यावा लागत नाही. ‘पैसे पाठवितो, पिन टाका’ असे कोणी म्हणाले तर तो फसवीत आहे.

२. क्यूआर कोड स्कॅन केला की पैसे जातात, येत नाहीत.

३. पैसे पाठविण्यापूर्वी पडद्यावर उमटणारे नाव वाचावे. संस्थेचे नाव अपेक्षित असता तेथे परक्या व्यक्तीचे नाव दिसले, तर थांबावे.

४. आजारी बालकाचे छायाचित्र आणि त्याखाली खातेक्रमांक असा निरोप आला, तर डोळ्यांतील पाणी पुसून आधी चौकशी करावी. सार्वजनिक न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असते. अनेक स्वयंसेवी संस्थांची माहिती नीती आयोगाच्या ‘दर्पण’ संकेतस्थळावर पाहता येते.

५. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम हाती लागण्याची आशा कमी.

मुलांनी स्वतः व्यवहार करावयाचा नाही. आई-वडील व्यवहार करीत असता नाव वाचून दाखविणे आणि नियमाची आठवण देणे हे मुलांचे काम. ज्या घरी आजीला वाचता येत नाही, तेथे पाचवीतील नात तिचे डोळे होऊ शकते.

शाळेसाठी मदत घेताना

हा भाग शिक्षकांनी विशेष ध्यानी धरावा. शाळेसाठी येणारी देणगी शिक्षकाच्या अथवा मुख्याध्यापकाच्या वैयक्तिक मोबाईलवर कदापि घेऊ नये. मग हेतू कितीही निर्मळ असो. रक्कम शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यातच यावी. समितीत ठराव व्हावा, पावती द्यावी, व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक नोंदवहीत लिहावा आणि महिन्याचा जमाखर्च सूचनाफलकावर लावावा. गावाचा शाळेवर विश्वास असतो तोवर एक रुपयाही पुष्कळ होतो. तो विश्वास एकदा गेला की लाखाची देणगीही संशयाची धनी होते.

रोख रकमेऐवजी वस्तू अथवा सेवा देऊ इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र शासनाच्या ‘विद्यांजली’ संकेतस्थळावर शाळेस आपली गरज नोंदविता येते. पुण्या-मुंबईत स्थायिक झालेले गावचे माजी विद्यार्थी त्या मार्गाने हातभार लावू शकतात. जे शिक्षक स्वतः संस्थांना देणगी देतात त्यांनी हेही लक्षात ठेवावे की, मान्यताप्राप्त संस्थेस दिलेल्या देणगीवरील प्राप्तिकर-वजावट केवळ जुन्या करपद्धतीत मिळते, आणि २,००० रुपयांहून अधिक देणगी रोख दिल्यास तीही मिळत नाही. मोबाईलद्वारे अथवा धनादेशाने दिलेल्या देणगीची नोंद आपोआप राहते.

आणखी एक सूचना सर्वांत महत्त्वाची. वही स्वीकारणाऱ्या मुलाचे छायाचित्र गावाच्या व्हॉट्सअॅप समूहावर टाकू नये. उजव्या हाताने दिलेले डाव्या हातास कळू नये, असे आपले वडीलधारे सांगत आले; आज ते साऱ्या तालुक्यास कळते. मुलाला वही मिळाली पण वर्गात मान खाली घालावी लागली, तर शाळेने दिले थोडे आणि घेतले फार. वह्या शाळेच्या कपाटात ठेवाव्यात आणि ज्याची संपेल त्याने घ्यावी, मग तो बागायतदाराचा असो वा तोडणी-कामगाराचा. देणाऱ्यांच्या नावांची व रकमांची यादीही वर्गात वाचू नये. कोणत्याही मुलावर वर्गणीची सक्ती नसावी. ज्याला पैसे देणे शक्य नाही त्याने जुन्या वह्यांची कोरी पाने शिवून द्यावीत, तेही दानच.

शेजारचे एक उदाहरण

इंदापूरलगत, भीमेपलीकडे, माढा तालुक्यात परितेवाडी आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. त्यांना ३ डिसेंबर २०२० रोजी दहा लक्ष डॉलरांचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. त्याच वेळी त्यांनी पुरस्काराची निम्मी रक्कम अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांत वाटून देण्याचे घोषित केले. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा जो कोड दुकानात पैसे घेण्यासाठी चिकटविलेला असतो, तोच एका खेड्यातील शिक्षकाने ज्ञान देण्यासाठी वापरला. आणि त्यातून जे मिळाले त्याचाही वाटा इतरांना दिला. मुलांना ही हकीकत सांगावी आणि विचारावे : ‘यात यंत्राचे काम कोणते आणि माणसाचे कोणते?’

स्वाध्याय

१. एका आठवड्यात मोबाईलमुळे घरी कोणता खर्च वाचला आणि कोणता वाढला, हे आई-वडिलांना विचारून दोन रकान्यांत लिहा. (वही फक्त शिक्षकांनी पाहावी.)

२. एका घराने दरमहा १०० रुपये याप्रमाणे पाच वर्षे ठेव भरली, तर व्याजाखेरीज किती रक्कम जमेल?

३. वरील पाच नियम घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीस समजावून सांगा आणि त्यांनी विचारलेला एक प्रश्न लिहून आणा.

४. पैसा फंड, मुष्टिफंड आणि मोबाईलवरील देणगी यांत सारखे काय व वेगळे काय?

समारोप

पाठ चांगला झाला की नाही, याची कसोटी त्या दिवशी लागणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडेल, कोप्या मोडल्या जातील आणि बैलगाड्या परतीच्या वाटेला लागतील. त्या गाडीत बसलेल्या मुलीच्या दप्तरात भरलेली वही असेल, आणि ती वही कोणी दिली हे तिला ठाऊक नसेल, तर पाठ साधला असे समजावे.