बोर्डाची ओळख कुठे ठेवायची?

मी कॉन्व्हेंटमधली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क कापू नका. पण माझ्या एका चुकीमुळे लेडीज हॉस्टेलची एक सकाळ बिनपाण्याची गेली, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आमच्या मिनी प्रोजेक्टमध्ये तीन टाक्यांवर तीन बोर्ड होते. चिप एसटीएम३२एफ१०३, फ्लॅश ६४ केबी. मेसच्या टाकीवरचा बोर्ड जुना, त्याचे रेझिस्टर वेगळे, त्यामुळे तेवढ्याच पाण्याला त्याचं रीडिंग वेगळं यायचं. बोर्डाचा नंबर आणि हार्डवेअर व्हर्जन मी सरळ कोडमध्येच लिहिलं होतं. तीन बोर्ड, तीन फाइली. एका रात्री घाईघाईत मेसच्या फाइलमध्ये नंबर बदलला आणि व्हर्जन बदलायचं विसरले. डिस्प्लेवर टाकी अर्धी दिसत होती, आणि सकाळी मेसच्या मावशी रिकामी बादली घेऊन आमच्या दारात!

लॅबमधल्या सरांनी एवढंच विचारलं, "हा नंबर कोडचा आहे की बोर्डाचा?"

मग तिन्ही बोर्डांना एकच प्रोग्राम केला आणि ओळख फ्लॅशच्या शेवटी ठेवली. या चिपमध्ये १ केबीची ६४ पेजेस असतात. शेवटची दोन ओळखीसाठी राखून ठेवली, आणि लिंकर स्क्रिप्टमध्ये प्रोग्रामला ६२ केबीच दिले, नाहीतर कोड वाढत वाढत तिथे पोचतो.

आता फ्लॅशचा स्वभाव बघा. पुसलेल्या फ्लॅशमध्ये सगळे बिट १ असतात. लिहिताना १ चा ० होतो. ० चा पुन्हा १ करायला अख्खं पेज पुसावं लागतं. म्हणजे एक नंबर बदलायला पेज पुसलं आणि तेवढ्यात लाइट गेली, की ओळखच गेली. म्हणून मी पुसतच नाही. १६ बाइटची एक नोंद, बदल झाला की तिच्याखाली नवी नोंद, आणि वाचताना शेवटची बरोबर असलेली घ्यायची. एका पेजमध्ये ६४ नोंदी बसतात. पेज भरलं तर आधी दुसऱ्या पेजवर लिहायचं, मगच जुनं पुसायचं. नोंदीत सुरुवातीला ठरलेली खूण, मग नंबर, व्हर्जन, कॅलिब्रेशन आणि शेवटी सीआरसी. सीआरसी सगळ्यात शेवटी लिहायचा, म्हणजे अर्धवट राहिलेली नोंद आपोआप बाद होते.

एवढं करूनही एकदा फसलेच. प्रोग्रामरच्या सॉफ्टवेअरमध्ये 'फुल चिप इरेज'वर टिक राहिली आणि ओळखही पुसली गेली. कोरी जागा वाचली की व्हर्जन येतं २५५, आणि माझा कोड त्याला खुशाल 'नवीन बोर्ड' समजला! आता खूण किंवा सीआरसी जुळला नाही तर बोर्ड पातळी दाखवतच नाही, नुसता लाल एलईडी लुकलुकतो. खोट्या आकड्यापेक्षा ते परवडलं.

रूममेट म्हणाली, चिपमध्ये कंपनीनेच ९६ बिटांचा युनिक आयडी दिलाय, तो का नाही वापरत? तो पुसला जात नाही हे खरं, पण त्यावरून चिप कुठली ते कळतं. टाकी कुठली आणि रेझिस्टर कुठले ते नाही.

आणि हो, नंबर आणि व्हर्जन बोर्डाच्या मागे मार्करनेही लिहा. फुल चिप इरेजनंतर काय भरायचं ते कुठून तरी कळायला हवं. वर सेलोटेप लावा, टाकीजवळ मार्कर पुसला जातो.