रीळ विकण्याआधी

अगं, बेटकास्टिंग रिळात सारखा गुंता होतो म्हणून ते विकायला काढू नकोस. आधी सेटिंग बघ.

या रिळात फेकताना स्पूल स्वतः गरगर फिरतं. वारा लागला किंवा लुअर पाण्यावर टेकला की त्याचा वेग पडतो, स्पूल मात्र फिरतच राहतं. मग सुटलेली लाईन जागच्या जागी गुरफटते. हँडलच्या बाजूला, स्टार ड्रॅगजवळ एक छोटी गोल टोपी असते, ती स्पूल टेन्शनची. लुअर बांधून दांडी समोर धर आणि बटण दाब. लुअर सावकाश खाली यायला हवा, जमिनीला टेकताच स्पूलही थांबायला हवं. लुअर बदललास की हे पुन्हा कर. पलीकडच्या मॅग्नेटिक ब्रेकचा आकडा आधी वरच ठेव, हात बसेल तसा उतरव. वारा तोंडावर असला की परत वाढव. आणि लुअर पाण्याला टेकायच्या आत अंगठा स्पूलवर हवाच, ब्रेक कितीही चांगला असो.

गुंता झालाच तर कात्री घेऊ नकोस. अंगठ्याने स्पूल घट्ट दाब, ड्रॅग आवळ, हँडल दोन-तीनदा फिरव, मग बटण दाबून लाईन हळूच ओढ. अडली की पुन्हा तेच.

ड्रॅग आवळूनही मासा लाईन नेत असेल, तर ब्रेडेड लाईन स्पूलवर घसरत असते. खाली थोडी तंगूस भर, तिला ब्रेड जोड. काठोकाठ मात्र भरू नकोस, 2-3 मिमी कड मोकळी ठेव.

तू जिताड्यासाठी खाडीवर जातेस, तेव्हा खरा शत्रू मीठ. घरी आलीस की ड्रॅग आवळून गोड्या पाण्याचा हलका शिडकावा दे. नळाची जोरदार धार नको, बादलीत बुडवणंही नको, त्याने मीठ आत शिरतं. पुसून सावलीत वाळव आणि ड्रॅग सैल करून ठेव, नाहीतर वॉशर दबून बसतात.

आवाज ऐकायला शीक. फेकताना खरखर आली तर स्पूलचं बेअरिंग कोरडं पडलंय, तिथे रिळाच्या पातळ तेलाचा एकच थेंब टाक. गुंडाळताना आली तर लाईन गाइडच्या आट्यांत वाळू असेल. ती काढून तिथेही थेंबभर तेल. ग्रीस फक्त मुख्य गिअरला. ते स्पूलच्या बेअरिंगमध्ये गेलं तर फेक आखडते, वन-वे बेअरिंगमध्ये गेलं तर हँडल मागे फिरू लागतं. घरचं खोबरेल तर मुळीच नको, थंडीत गोठतं.

एवढं करूनही खरखर राहिली तरच रीळ खोल. खाली पांढरं फडकं अंथर आणि प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाईलवर फोटो घे. त्यातल्या स्प्रिंगा बारीक असतात, एकदा उडाल्या की सापडत नाहीत.