तार जोडायचीच, तर बिनतारी कशाला?

प्रश्न : आमचं वाईतलं घर जुनं, लांबट. नेटचा राउटर पुढच्या सोप्यात आणि टीव्ही माजघराच्या पलीकडच्या खोलीत. मधल्या भिंती दीड हात जाड. रात्री जेवणं झाली की वडील टीव्हीवर जुनी नाटकं लावतात आणि प्रवेश ऐन रंगात आला की पडद्यावर चाक फिरायला लागतं. टीव्हीखालच्या फळीवर मुलाचा जुना गेमचा खोका आणि माझा ॲम्प्लिफायर आहे. या दोघांना नेटच्या तारेची खाच आहे, वायफाय नाही. दुकानदार म्हणतो, एक्स्टेंडर घ्या. भाचा म्हणतो, घरात पडलेला जुना राउटर ब्रिज करा आणि टीव्ही त्याला तारेनं जोडा. शेवटी टीव्हीला तारच जोडायची, तर त्याला बिनतारी कशाला म्हणायचं? आणि त्यानं टीव्हीला आत्ता मिळत नाही असं काय मिळणार?
— एक वाचक, वाई

उत्तर : भाच्याचं ऐका. दुकानदार चुकीचं सांगतोय असं नाही, पण तो दुसऱ्याच दुखण्यावरचं औषध देतोय. एक्स्टेंडर म्हणजे मधे उभा राहून ऐकलेलं पुन्हा ओरडून सांगणारा माणूस. फोन घेऊन घरभर हिंडणाऱ्यांना त्याचा उपयोग. तो एकाच पट्ट्यावर ऐकत आणि बोलत असेल, तर निम्मा वेळ ऐकण्यात जातो आणि वेगही साधारण निम्म्यावर येतो. तुमचा टीव्ही काही हिंडत नाही. त्याचं दुखणं वेगळं आहे : तो वाईट जागी बसलाय आणि त्याचा कान भिंतीकडे आहे.

टीव्ही जरा पुढे ओढून मागे हात घाला. बहुतेक टीव्हींमध्ये वायफायचा अँटेना म्हणजे मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात दडवलेली बोटभर पट्टी असते. तिच्यापुढे पडद्यामागचा अख्खा पत्रा, पाठीला तुमची दीड हाताची भिंत. आता फोनवर वायफायची ताकद आकड्यात दाखवणारं एखादं ॲप घ्या आणि तीन ठिकाणी उभे राहा : टीव्हीच्या मागे, खोलीच्या मध्यावर आणि माजघराच्या उंबऱ्यावर. आकडे उण्यात येतील. उणे 60 आणि उणे 70 यांत फरक दहाचा दिसतो, पण उणे 70 ला पोचणारी ताकद उणे 60 च्या एकदशांश असते. मागच्या महिन्यात बहिणीच्या घरी मी हाच खेळ केला. टीव्हीमागे उणे 78, चार पावलांवरच्या दाराच्या चौकटीवर उणे 61. खोली तीच, राउटर तोच.

म्हणून ती तार. ब्रिज, म्हणजे सोप्यातलं वायफाय ऐकून ते तारेनं पुढे देणारा तुमचा जुना राउटर, टीव्हीपाशी ठेवायचाच नाही, तर जिथे ऐकू येतं तिथे, दाराच्या वरच्या फळीवर ठेवायचा आणि तिथून पाच-सात मीटरची तार भिंतीच्या कडेनं टीव्हीपर्यंत आणायची. टीव्हीचा कान काढून दारावर टांगला, असं समजा. भाच्यानं सांगितलेलं यात एवढंच बदला, नाहीतर टीव्हीमागच्या त्याच अंधारात आणखी एक डबा ठेवल्यासारखं होईल.

बिनतारी आहे तो मधला टप्पा, सोप्यातून दारापर्यंतचा. टीव्हीला त्याचा पत्ताही नसतो. आपण तारेनं थेट सोप्यातल्या राउटरला जोडलेले आहोत, असंच त्याला वाटतं. गेमच्या खोक्यालाही तसंच वाटेल, ॲम्प्लिफायरलाही. बहुतेक जुन्या राउटरना तारेच्या चार खाचा असतात, म्हणजे तिघांची सोय एकाच डब्यात. खरं सांगायचं तर टीव्हीपेक्षा त्या दोघांसाठीच ब्रिजचं मोल जास्त आहे. टीव्हीला निदान वाईट का होईना, वायफाय आहे.

आता एक गंमत. जुना राउटर ब्रिज करायला बसलात की ‘डब्ल्यूडीएस’ आणि ‘क्लायंट’ असे दोन पर्याय दिसतील, आणि यातलं कुठलं निवडायचं यावर घराघरांत रविवारची दुपार खर्ची पडते. वायफायवरून जाणारी प्रत्येक चिठ्ठी म्हणजे पाकीट धरा. साध्या पाकिटावर पत्त्याच्या तीनच ओळी : पाठवणारं यंत्र, घेणारा राउटर आणि शेवटचं ठिकाण. फोनला एवढं पुरतं, कारण तो स्वतःच पाठवणारा. ब्रिज मात्र टीव्हीच्या वतीनं पाकीट टाकतो. ‘अमुक यांच्या मार्फत’ लिहायला चौथी ओळ लागते आणि साध्या पाकिटावर ती नाही. डब्ल्यूडीएस म्हणजे चार ओळींचं पाकीट. वायफायच्या मानकात असं पाकीट आहे, पण ते कसं वापरायचं हे प्रत्येक कंपनीनं आपापल्या परीनं ठरवलं. त्यामुळे दोन टोकांना दोन कंपन्यांचे राउटर असले तर ते जुळतीलच असं नाही. जुळलं नाही तर हट्ट सोडा आणि ‘क्लायंट’ निवडा. त्यात ब्रिज सगळ्या पाकिटांवर स्वतःचंच नाव घालतो आणि उत्तरं आली की वाड्यातल्या जुन्या गड्यासारखी ज्याची त्याला वाटतो. सोप्यातल्या राउटरच्या यादीत मग टीव्ही, खोका आणि ॲम्प्लिफायर तिघांच्या नावापुढे एकच यंत्र-क्रमांक दिसतो. घाबरू नका, चोर शिरलेला नाही.

‘राउटर’ हा पर्याय मात्र तसाच ठेवू नका. त्यानं नेट चालेल, पण टीव्हीच्या फळीचं वेगळंच बिऱ्हाड होईल. फोनवरचं गाणं ॲम्प्लिफायरवर पाठवायला जाल, तर फोनला ॲम्प्लिफायर दिसणारच नाही.

जोडणी तशी सोपी आहे. जुना राउटर आधी लॅपटॉपला तारेनं जोडा, वायफायनं नको, कारण अर्ध्यात वायफाय बदललं की तुम्ही बाहेर पडता. सोप्यातला राउटर 192.168.1.1 वर असेल, तर याला 192.168.1.2 द्या. मग घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड भरा. तारा लावायच्या त्या एका रंगाच्या खाचांत. वेगळ्या रंगाची एकटी खाच रिकामी ठेवा.

आणि डीएचसीपी बंद करा. हे वाक्य मी अनुभवानं लिहितोय. डीएचसीपी म्हणजे घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता वाटणारा कारकून, आणि घरात तो एकच हवा. बहिणीकडे मी बाकी सगळं केलं आणि हे विसरलो. टीव्ही चालेना, म्हटलं बघू. मग भाचीचा फोन चालेना. मेव्हण्यांचा चालत होता, ते चहा पिऊन आले तोवर त्यांचाही बंद. वायफायच्या रेघा सगळ्यांकडे भरलेल्या, उघडत काहीच नव्हतं. नवा कारकून भेटेल त्याला पत्ता वाटत होता आणि बाहेरचा रस्ता विचारला की स्वतःकडेच बोट दाखवत होता. दोन तास मी नेट देणाऱ्यांच्या नावानं खडे फोडले आणि दोष निघाला माझा.

वेगाची काळजी फार करू नका. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी सेकंदाला 5 मेगाबिट आणि फोर-केसाठी 15 मेगाबिट सुचवतं. जुन्या नाटकांच्या चित्रफितींना 5 सुद्धा लागत नाहीत. चाक फिरतं ते प्रवाह मधेमधे तुटतो म्हणून. त्यामुळे 2.4 गिगाहर्ट्झ की 5, याचा निकालही उंबऱ्यावरच लावा. 5 चा वेग जास्त, पण जाड भिंतीत ते लवकर दमतं. 2.4 भिंत ओलांडतं, पण मायक्रोवेव्हही तिथेच गुरगुरतो. माजघराशेजारी स्वयंपाकघर असेल आणि दूध तापवताना नाटक अडत असेल, तर कारण कळलं. तुमचा जुना राउटर फक्त 2.4 चा असेल तर हा वाद आपोआप मिटला.

एक सावधगिरी. उद्या कोणी सुतार-गवंडी घरात आला आणि तुम्ही सोप्यातून थेट तार ओढून घेतलीत (तसं जमलं तर जरूर घ्या, साध्या कॅट-5ई तारेला 100 मीटरपर्यंत कुठलाही ब्रिज हरवू शकत नाही), तर त्या दिवशी ब्रिज उतरवा. तारेचा आणि हवेचा असे दोन्ही रस्ते एकदम उघडे राहिले, तर सगळ्यांना उद्देशून पाठवलेल्या चिठ्ठ्या एकीकडून जाऊन दुसरीकडून परत येतात आणि घिरट्या घालत बसतात. काही क्षणांत सगळं नेट ठप्प. हाच तिढा सोडवायला रेडिया पर्लमन या संगणकतज्ज्ञ बाईंनी 1985 साली स्पॅनिंग ट्री नावाची युक्ती काढली आणि मोठ्या कार्यालयांतली जाळी आजही तिच्यावर उभी आहेत. घरगुती डब्यांत ती असेलच याचा भरवसा नाही.

सगळं जोडून झाल्यावर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन घरचं वायफाय विसरायला लावा. तार जराशी हलली की काही टीव्ही कोणाला न विचारता गुपचूप जुन्या वायफायवर जातात. मग रात्री साडेनऊला ऐन प्रवेशात पुन्हा चाक फिरतं, आणि वडील हाक मारतात ती भाच्याला.