घरचं वायफाय: डबी कशी जोडायची, पासवर्ड कुणाकडे ठेवायचा



लोकोस अ‍ॅपवर गटाच्या नोंदी सुरू झाल्यापासून बैठकीत एक वाक्य फार ऐकू येतं: "पोरगा शेतातून आला की त्याचं हॉटस्पॉट घेते, मग भरते." म्हणजे बचत आपली, अंतर्गत कर्ज आपलं, हिशेबही आपला, पण नोंद कधी होणार ते पोराच्या येण्यावर. काही ताईंनी म्हणून घरी नेट घेतलं. पण डबी बसवायला माणूस आला की ताई चहा टाकायला आत जातात आणि तो सगळं पोराला समजावून निघून जातो. या वेळी चहा नंतर. आधी त्याच्या शेजारी उभ्या राहा.

घरात नेट दोन प्रकारच्या तारेतून येतं. एक टीव्हीची जाड काळी केबल, आत तांब्याची तार असलेली. तिला जी डबी लागते ती मोडेम. दुसरी फायबर, केसासारखी बारीक काचेची तार. सरकारने ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ साली मंजूर केली, २०१५ पासून तिचं नाव भारतनेट. पण ती मुळात पंचायतीपर्यंत. तिथून आपल्या घरापर्यंतची तार कंपनी किंवा आपला केबलवाला ओढतो. फायबर खिळ्याला गुंडाळू नका, काटकोनात वाकवली की आतली काच तुटते. तिचं उघडं टोक डोळ्यासमोर धरू नका, त्यातला उजेड दिसत नाही पण डोळ्याला घातक असतो.

मोडेम बाहेरचं नेट घरात आणतो आणि राऊटर ते घरातल्या मोबाईलना वाटून देतो. धरणातलं पाणी टाकीत आणणारी लाईन वेगळी आणि टाकीतून नळाला जाणारी वेगळी, तसंच. पण आजकाल कंपनी देते त्या एकाच डबीत बहुतेक वेळा दोन्ही कामं होतात. डबीला अँटेना असतील किंवा खाली वायफायचं नाव छापलेलं असेल, तर वेगळा राऊटर घ्यायची गरज नाही. विकणारा म्हणेल, घ्याच. आधी विचारा, कशासाठी?

दोन डब्या असतील तर जोडायचा क्रम असा. दोन्ही बंद करा. भिंतीतून येणारी केबल मोडेमला स्क्रूसारखी फिरवून घट्ट बसवा. ढिली राहिली की नेट येतं-जातं. मग मोडेमपासून राऊटरपर्यंत लॅनची वायर लावा. राऊटरला मागे चार-पाच भोकं असतात, त्यातलं एक वेगळ्या रंगाचं, त्यावर वॅन किंवा इंटरनेट लिहिलेलं असतं. वायर त्यातच. आता फक्त मोडेम सुरू करा आणि दिवे स्थिर होईपर्यंत थांबा, पाच मिनिटं लागू शकतात. त्यानंतर राऊटर. हा क्रम का? बरेच मोडेम पहिल्यांदा जोडलेलं यंत्र लक्षात ठेवतात. राऊटर बदलला आणि मोडेम बंद-चालू केला नाही, तर तो नव्याला ओळखतच नाही. तरी चाललं नाही तर केबलवाल्याला फोन करून "नवीन राऊटरची नोंद करून घ्या" म्हणा.

डबी ठेवायची घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर. पत्र्याच्या कोठीमागे, कपाटात, फ्रिजवर नको. पत्रा आणि पाणी दोन्ही वायफाय अडवतात. डबीवर २.४ आणि ५ अशी दोन नावं दिसली तर मागच्या खोलीसाठी २.४ घ्या, ते लांब जातं. ५ जवळून जोरात चालतं, भिंतीपलीकडे दमतं.

आता महत्त्वाचं, आणि इथेच आपण मागे राहतो. डबीचे पासवर्ड दोन असतात. एक वायफायचा, जो पाहुण्यांनाही देतो. दुसरा डबीच्या आतल्या सेटिंगचा, बऱ्याच डब्यांवर कंपनीचा ठरलेला, सोपा, सगळ्यांना ठाऊक असलेला. तो मिळाला की कुणीही तुमचं नेट फिरवून खोट्या पानावर नेऊ शकतो. डबीखालच्या स्टिकरवर एक पत्ता असतो, बहुतेक १९२.१६८ ने सुरू होणारा. मोबाईल वायफायला जोडून तो पत्ता ब्राउझरच्या वरच्या पट्टीत इंग्रजी आकड्यांत टाका. आत जाऊन दोन्ही पासवर्ड बदला, माणूस समोर असतानाच. वायफायचा किमान आठ अक्षरांचा लागतो, बारा ठेवा. गावाचं नाव, मोबाईल नंबर नको. सुरक्षेत डब्ल्यूपीए-२ किंवा ३ निवडा. गेस्ट नेटवर्क असेल तर पाहुण्यांना तेच द्या. दोन्ही पासवर्ड वहीत लिहा, पण गटाच्या दप्तरात नको, दप्तर दहा हातांतून जातं.

डबी बसवायला ओटीपी लागला तर तो फक्त कनेक्शनच्या नोंदणीचा असू शकतो. आधी मेसेज वाचा. त्यात बँक किंवा पैसे कापण्याची गोष्ट असेल तर सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

अर्जावर नाव कुणाचं हेही बघा. गटाच्या कर्जातून तुम्ही पैसे भरताय, तर कनेक्शन तुमच्या नावावर, पावतीही तुमच्या नावाची. त्या नेटवरून कुणी काही उद्योग केला तर चौकशीही नावावाल्याकडेच येते, म्हणून पासवर्ड गल्लीभर वाटू नका. घरातल्यांना बोलायला जड जातं, मला कळतं. पण बँकेचं पासबुक आपण आपल्याच नावाचं काढलं ना?

अवकाळी पावसात वीज कडाडायला लागली की डबीचा प्लग काढा. तांब्याची केबल असेल तर तीही सोडवा. लाईट सारखी जात असेल तर छोटा यूपीएस मिळतो. घेताना डबीच्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या.

फायबरच्या डबीवर एलओएस नावाचा लाल दिवा लुकलुकत असेल तर बिघाड बहुतेक वेळा तारेत असतो. डबी दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही, तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक त्याच वहीत लिहून ठेवा.