विजेने चाचपणारा मासा

अंधाऱ्या खोलीत तुम्ही कधी पाठमोरे चालून पाहिले आहे का? दोन पावले टाकली की कशावर तरी आपटण्याची धास्ती वाटते. पण आफ्रिकेतील नाईल, नायजर, व्होल्टा या नद्यांत आणि चॅड सरोवरात राहणारा एक मासा काळोखात, शेपूट पुढे करून, खुशाल मागे मागे पोहतो आणि कशालाही धडकत नाही. त्याचे नाव जिमनार्कस.

हा मासा वाम माशासारखा लांबट असून दीड मीटरपर्यंत वाढतो. त्याच्या पाठीवर जवळजवळ डोक्यापासून एकच लांबलचक पर असतो. शेपटीला मात्र पर नसतो. ती उंदराच्या शेपटीसारखी निमुळती असते. गवत माजलेल्या दलदलीत तो राहतो. तेथील पाण्यात प्राणवायू कमी पडला, तर पृष्ठभागावर येऊन हवा घेतो. अंडी घालण्यासाठी गवताचे घरटे बांधतो. त्याचे डोळे अगदी बारीक असतात, आणि तो हिंडतो बहुधा रात्री. मग त्याला वाट कशी सापडते?

हा प्रश्न केंब्रिज विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ हान्स लिसमन यांना पडला. त्यांनी माशाच्या टाकीतील पाण्यात तारा सोडून विजेचे मापन केले. तेव्हा या माशाच्या शेपटीतून सेकंदाला सुमारे ३०० विद्युत्‌स्पंदने अखंड बाहेर पडत असल्याचे दिसले. हा शोध त्यांनी १९५१ साली प्रसिद्ध केला. ही वीज इतकी क्षीण असते, की तिने भक्ष्य मरत नाही, की शत्रू पळत नाही. मग तिचा उपयोग काय?

लोहचुंबकाभोवती लोखंडाचा कीस टाकला की रेषा उमटतात, हे तुम्ही शाळेत पाहिले असेल. या माशाभोवती पाण्यात विद्युत्‌प्रवाहाच्या अशाच रेषा पसरतात, अशी कल्पना करा. वाटेत पाण्यापेक्षा चांगला विद्युत्‌वाहक आला, की रेषा त्याच्याकडे एकवटतात. दगडासारखा दुर्वाहक आला, की त्या बाजूला वळतात. माशाच्या कातडीत असंख्य सूक्ष्म ज्ञानेंद्रिये असतात. त्यांना हा फरक लगेच जाणवतो. मात्र शेपूट वाकली, तर रेषांची सगळी मांडणीच बदलेल. म्हणून हा मासा शरीर ताठ ठेवून केवळ पाठीवरच्या पराच्या लाटांनी पोहतो. लाट उलटी फिरवली, की तो मागे जातो!

पण हे खरे कशावरून? लिसमन आणि त्यांचे सहकारी मेशिन यांनी एक सुंदर प्रयोग केला. त्यांनी सच्छिद्र मातीची सारखी भांडी घेतली. असे भांडे पाण्याने भिजले, की त्याच्या भिंतीतून वीज जाऊ शकते. पण आतले दिसत नाही. एका भांड्यात नुसते पाणी होते. दुसऱ्यात पाणी आणि काचेची कांडी. पहिल्याजवळ खाद्य मिळते, हे माशाला शिकवले. मासा दोन्ही भांडी बरोबर ओळखू लागला. अवघी २ मिलिमीटर जाडीची कांडीही त्याला कळली! दोन्ही भांडी बाहेरून सारखीच, म्हणजे डोळ्यांचा किंवा स्पर्शाचा उपयोग नाही. काचेला वासही नाही. मग उरली ती वीजच. १९५८ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले.

यातून एक जुने कोडेही सुटायला मदत झाली. भक्ष्याला झटका देणारे माशांचे प्रबळ विद्युत्‌अवयव पायरीपायरीने कसे विकसित झाले असतील, ही अडचण चार्ल्स डार्विन यांनी १८५९ सालीच मांडली होती. सुरुवातीच्या क्षीण विजेचा माशाला फायदा काय? जिमनार्कस त्याचे उत्तर देतो: मारता आले नाही, तरी चाचपता येते.

आता तुम्ही विचार करा. भांड्यात काचेच्या कांडीऐवजी तांब्याची कांडी ठेवली, तर विद्युत्‌रेषा कशा बदलतील? वहीत आकृती काढून पाहा.