‘टेक’ आणि ‘घेणे’ : अर्थव्याप्तीचा प्रश्न

इंग्रजीतील ‘टेक’ हे क्रियापद मूळचे इंग्रजी नव्हे. प्राचीन नॉर्स भाषेतून ते आले आणि प्राचीन इंग्रजीतील ‘निमन’ या क्रियापदाची जागा त्याने क्रमाक्रमाने घेतली. मराठीत त्यासाठी ‘घेणे’ हा पर्याय प्रथम सुचतो. परंतु या दोहोंच्या अर्थव्याप्ती समान नाहीत.

‘टेक अ फोटो’ म्हणजे फोटो काढणे. ‘टेक अ बाथ’ म्हणजे आंघोळ करणे. ‘टेक टाइम’मध्ये वाक्यरचनाच पालटते : इंग्रजीत काम वेळ ‘घेते’, मराठीत कामाला वेळ ‘लागतो’. परीक्षेच्या संदर्भात तर दिशाच उलटते. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘घेतो’. मराठीत तो ती देतो, घेतो तो परीक्षक. ‘टेक प्लेस’ म्हणजे घडणे; ‘जागा घेणे’ मात्र दुसऱ्याच्या स्थानी येणे, किंवा भूखंड विकत घेणेही. ‘टेक आफ्टर’साठी मराठी ‘वळणावर जाणे’ म्हणते. उलट ‘टेक टू टास्क’ला ‘फैलावर घेणे’ हा प्रयोग चपखल बसतो. तेथे ‘घेणे’ टिकते, हा केवळ योगायोग होय.

‘घेणे’चेही स्वतंत्र सामर्थ्य आहे. ‘लिहून घेणे’ यात स्वतःसाठी लिहिणे आणि दुसऱ्याकडून लिहविणे असे दोन्ही अर्थ संभवतात.

तात्पर्य, अशा क्रियापदांचा अर्थ कर्म व संदर्भ यांच्यासह निश्चित होतो. भाषांतराच्या अध्यापनात सुट्या पर्यायांच्या याद्यांऐवजी पूर्ण वाक्ये अभ्यासिली न गेल्यास परीक्षार्थी आणि परीक्षक यांच्यातील भेदही अनुवादात पुसला जाईल.