कोणत्या तासाला कोणता वर्ग? – विद्यापीठाचं वेळापत्रक आणि चौथीच्या वर्गातली पाच कार्डं



जून उजाडला, पटनोंदणी झाली, पुस्तकं वाटून झाली की आपण ड्रॉइंग पेपर घेऊन बसतो. पट्टीनं रेघा मारायच्या आणि वेळापत्रक लावायचं. दोन शिक्षकी शाळेत हे काम सोपं असेल असं बाहेरच्यांना वाटतं. चार वर्ग, दोन शिक्षक, त्यात काय एवढं? पण मी दुसरीला हातच्याची वजाबाकी शिकवत असताना पहिलीनं नेमकं काय करायचं, हे ज्याला रोज ठरवावं लागतं त्यालाच त्यातली मेख कळते.

हा विषय आज काढायला कारण घडलं ते माझ्या भाचीमुळे. ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. नव्या धोरणाप्रमाणे मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेतला एक विषय घ्यायचा असतो, त्याला सगळे ओपन इलेक्टिव्ह म्हणतात. तिनं मोठ्या हौसेनं कॉमर्सकडचा हिशेबाचा विषय घेतला. तास लागला दुपारी साडेचारला. तिची गावाकडची एस.टी. रंकाळा स्टँडवरून पाचला सुटते, पुढची थेट अंधार पडल्यावर. पंधरा दिवस धावपळ केली आणि विषय बदलला. घरात सगळे म्हणाले, "पोरीला जमलं नाही." मला ते पटलं नाही. तिला विषय जमत होता, तिला तो तास जमत नव्हता. मग तो तास साडेचारलाच का ठेवला होता, हे मी शोधायला लागले.

आधी हे काम कोण करतं ते पाहू. आपलं शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी सुरू झालं. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतली महाविद्यालयं त्याला जोडलेली आहेत. सत्र कधी सुरू होणार, कधी संपणार, परीक्षा कधी, हे विद्यापीठ ठरवतं. पण मंगळवारी अकरा वाजता कोणत्या खोलीत कोण शिकवणार हे विद्यापीठाचं मुख्य कार्यालय ठरवत नाही. ते कॅम्पसवर त्या त्या विभागात ठरतं आणि महाविद्यालयात वेळापत्रक समितीकडे असतं. समिती म्हणजे बहुतेक वेळा दोन-तीन प्राध्यापक, एक मोठा तक्ता आणि भरपूर फोन.

त्यांचा हिशेब क्रेडिटपासून सुरू होतो. एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास शिकवणं. सत्र साधारण १५ आठवड्यांचं धरतात, म्हणजे आठवड्याला एक तास. प्रात्यक्षिकाचं क्रेडिट मात्र ३० तासांचं, म्हणजे आठवड्याला दोन. चार क्रेडिटच्या विषयात दोन क्रेडिट प्रात्यक्षिकाची असतील तर आठवड्याला चार नव्हे, सहा तास लागतात. सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट असतात. शिकवणाऱ्यांचीही मर्यादा ठरलेली आहे. यूजीसीच्या नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाला १४. (आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास घातलेत. तुलना ज्यानं त्यानं करावी!)

इथपर्यंत नुसती बेरीज आहे. खरं कोडं पुढे आहे, आणि ते मी आमच्या चौथीच्या मुलांकडून करून घेतलं. तुम्हीही करून पाहा, अर्ध्या तासाचा उपक्रम आहे.

पाच कार्डांवर पाच विषय लिहा: मराठी, इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, मानसशास्त्र. कार्डं फरशीवर गोलात मांडा. आता पाच मुलांना विद्यार्थी करा. पहिल्यानं घेतलंय मराठी आणि इतिहास. दुसऱ्यानं इतिहास आणि भूगोल. तिसऱ्यानं भूगोल आणि अर्थशास्त्र. चौथ्यानं अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र. पाचव्यानं मानसशास्त्र आणि मराठी. ज्या दोन विषयांना एकच विद्यार्थी आहे त्यांच्यामध्ये खडूनं रेघ ओढा. रेघेनं जोडलेले विषय एका तासाला ठेवता येणार नाहीत, कारण ते पोर दोन ठिकाणी बसणार कसं? आता रंगीत खडू द्या. एक रंग म्हणजे एक तासिका. जोडलेल्या दोन कार्डांना एकच रंग द्यायचा नाही.

आमच्या मुलांनी आधी दोनच रंग घेतले. मराठी लाल, इतिहास निळा, भूगोल लाल, अर्थशास्त्र निळा. मानसशास्त्राशी आल्यावर अडले. एका बाजूला निळा, दुसऱ्या बाजूला लाल. पुसून पुन्हा केलं, दुसरीकडून सुरुवात केली, तरी अडलेच. प्रत्येक विषयाचं भांडण फक्त दोघांशी आहे, तरीही दोन तासिकांत काम होत नाही, तिसरी लागतेच. मग मी पाचव्या मुलाला बाजूला बसवलं, त्याची रेघ पुसली. लगेच दोन रंगांत जमलं.

तेव्हा मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "बाई, मग त्यालाच दुसरा विषय घ्यायला सांगा की!"

सगळी मुलं हसली. मला मात्र भाची आठवली. एका पोराच्या निवडीसाठी अख्खी एक तासिका वाढते आणि तिच्यासोबत कॉलेजचा दिवस लांबतो. ती तासिका वाढवायची की पोराला समजावायचं, हा निर्णय समितीला दर सत्राला घ्यावा लागतो. समजावणं स्वस्त पडतं. म्हणून माहितीपत्रकात दहा विषय दिसतात आणि प्रवेशाच्या टेबलावर दोनच उरतात.

या खेळात आणखी एक गोष्ट लपलीय. दोन तासिकांत बसवलं तेव्हा मराठी, भूगोल आणि मानसशास्त्र एकाच वेळी आले, म्हणजे खोल्या लागल्या तीन. तीन तासिकांत बसवलं तर एका वेळी जास्तीत जास्त दोनच खोल्या लागतात. वेळ वाचवायला जावं तर खोल्या कमी पडतात, आणि खोल्या वाचवल्या की दिवस वाढतो. महाविद्यालयांत ओपन इलेक्टिव्हसाठी बऱ्याचदा सगळ्या शाखांना एकच समान तासिका ठेवतात ती टक्कर टाळण्यासाठीच. कुणीही कुठलाही विषय घेऊ शकतो. पण त्या एका तासाला सगळ्या इमारतीतल्या खोल्या एकदम हव्यात! मधल्या वेळेत तेवढ्या मोकळ्या मिळत नाहीत, म्हणून ही तासिका सकाळी अगदी लवकर नाहीतर दिवसाच्या शेवटी ढकलली जाते. साडेचारचं कोडं मला इथं सुटलं.

"खोल्या कमी आहेत" ही तक्रारही जरा तपासून घ्यावी. समजा एक खोली आठवड्याला ४८ तास उपलब्ध आहे आणि ती २४ तास वापरली जाते. म्हणजे निम्मा वापर. त्या तासांनाही सरासरी निम्मेच बाक भरलेले असतील तर खोलीचा खरा वापर फक्त २५ टक्के. तरी सकाळी अकराला खोली मिळत नाही, कारण अकरा वाजता सगळ्यांनाच हवी असते. शिवाय एकाच इमारतीत अकरावी-बारावीही भरते, प्रयोगशाळा दुसऱ्या कशाला वापरता येत नाही, आणि शंभराच्या वर्गात बारा मुलं बसली म्हणून त्यांना छोट्या खोलीत हलवावं तर ती आधीच कुणाच्या तरी नावावर असते.

म्हणून जाणकार लोक जे हलत नाही ते आधी बसवतात. प्रयोगशाळेचे सलग तास, मोठी सभागृहं, सगळ्यांना सक्तीचे विषय. मोठ्या डब्यात आधी नारळ ठेवावेत, मग शेंगदाणे ओतावेत, तसं.

गणितवाल्यांनी या कोड्याचा पाठलाग केलेला आहे. देनेश क्योनिग या हंगेरियन गणितीनं १९१६ साली सिद्ध केलेल्या प्रमेयातून एक छान गोष्ट निघते. कोणत्या शिक्षकानं कोणत्या वर्गाला किती तास शिकवायचं एवढंच ठरलेलं असेल, बाकी काहीच अट नसेल, तर सगळ्यात जास्त भार ज्याच्यावर आहे तेवढ्याच तासिकांत पूर्ण वेळापत्रक बसतं. कुणाचाच भार ३० च्या वर नसेल तर ३० तासिका पुरतात, एकतिसावी लागत नाही. पण एक अट घाला, "हे सर फक्त सोमवारी आणि बुधवारी येतात", की चित्र पालटतं. इव्हन, इताई आणि शमीर या तिघांनी १९७६ साली दाखवलं की शिक्षकांच्या उपलब्ध वेळांची अट आली की हे कोडं अतिशय अवघड गटात जातं. अशा गटातलं कोडं दरवेळी झटपट आणि खात्रीनं सोडवणारी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. संगणकही चांगलं उत्तर शोधत फिरतो. एफईटी नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, मोठ्या शाळांनी जरूर वापरून पाहावं, पण अटी आपल्यालाच भराव्या लागतात.

आणि अशी अट आपल्याकडे किती जणांची असते! रिक्त जागांवर तासिका तत्त्वावर काम करणारे प्राध्यापक एका कॉलेजात पोट भरत नाही म्हणून दोन-तीन ठिकाणी शिकवतात. त्यांना तासावर मानधन. सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या. त्यांची मोकळी वेळ म्हणजे दोन एस.टी.च्या मधली वेळ. समितीला तिथंच तास बसवावा लागतो, मुलांना तो सोयीचा असो वा नसो. जागा कायम भरल्या तर वेळापत्रकाचं कोडं आपोआप बरंच सोपं होईल, असं माझं स्पष्ट मत आहे. यात कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही.

पावसाचं वेगळंच. २०१९ आणि २०२१ ला महापुरानं शिरोलीजवळ हायवेच बंद झाला होता, तर गावाकडचे रस्ते काय टिकणार? १५ आठवड्यांच्या सत्रातला एक आठवडा असा गेला की शनिवार-रविवारी जादा तास लागतात, आणि तिथंही लांबून येणारीच मुलं गळतात.

बारावीच्या पालकांना एवढंच सांगेन. प्रवेश घेताना विषयांची यादी बघता, तसं मागच्या सत्राचं वेळापत्रकही मागून घ्या. सूचना फलकावर असतं, मोबाईलवर फोटो काढून आणा. शेजारी आपल्या गावाच्या एस.टी.च्या वेळा लिहा. मुलीचा हवा तो विषय शेवटच्या गाडीनंतर संपत असेल, तर पहिल्याच आठवड्यात चार पालकांनी मिळून प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्या. पहिल्या आठवड्यात तक्ता पेन्सिलीनं लिहिलेला असतो. महिनाभरानं गेलात तर एक तास हलवायला दहा वर्ग हलवावे लागतात.

भाचीनं आता भूगोलाकडचा एक विषय घेतलाय. तास सकाळी आठला. पहिली गाडी सहाची, ती मिळते.